टोस्टमास्टर्स: ऑफिसातल्या इंग्रजीसाठी कितपत कामाचं?

टोस्टमास्टर्स म्हणजे भाषणाचा क्लास, अशी समजूत आहे. पण १९२४ साली राल्फ स्मेडली यांनी कॅलिफोर्नियात सांता ॲनाच्या वायएमसीए या संस्थेत सुरू केलेल्या या क्लबात शिक्षक नसतोच. सभासद बोलतात, सभासद ऐकतात, आणि त्यांच्यातलाच एक जण उठून काय जमलं, काय नाही ते सांगतो. तेव्हा क्लायंट कॉलसाठी इंग्रजी सुधारायचं म्हणून जाणाऱ्याने व्याकरण शिकायला मिळेल या आशेवर राहू नये. इथे मिळतो तो घड्याळ लावून बोलायचा सराव, आणि तो चांगला मिळतो.

ऑफिसच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा भाग टेबल टॉपिक्स. विषय तिथल्या तिथे हातात पडतो आणि १ ते २ मिनिटं बोलायचं असतं. वेळ मोजणारा सभासद १ मिनिटाला हिरवं कार्ड दाखवतो, दीडला पिवळं, २ ला लाल. तयार भाषणाला ५ ते ७ मिनिटं मिळतात आणि सगळा मान त्यालाच, पण घोकून आणलेलं भाषण कॉलवर कधी लागत नाही. 'व्हॉट हॅपन्ड विथ द रिलीज?' असा प्रश्न आला की हातात तेवढं एकच मिनिट असतं. म्हणून टेबल टॉपिक्समध्ये पहिलं वाक्य उत्तराचं, दुसरं कारणाचं, तिसरं पुढे काय करणार याचं, अशी सवय लावावी. 'द रिलीज हॅज मूव्ह्ड टू थर्सडे. टू टेस्ट्स फेल्ड लास्ट नाइट. वी विल रन देम अगेन टुडे अँड कन्फर्म बाय फाइव्ह.' दहा-बारा सेकंदांत विषय संपला. आपल्याकडे बहुधा उलटं होतं: काल काय झालं, कोण रजेवर होतं, मग सर्व्हर का बसला... गुरुवार उजाडेपर्यंत लाल कार्ड वर.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे आ-काउंटर. प्रत्येक वक्त्याचे 'आ', 'अम', 'सो', 'यू नो' मोजणारा माणूस. मराठी बोलणाऱ्यांचा खास शब्द मात्र त्याच्या यादीतून हमखास निसटतो: 'मीन्स'. 'मीन्स, द सर्व्हर वॉज डाउन, मीन्स, वी कुड नॉट डिप्लॉय.' हे सरळसरळ आपलं 'म्हणजे'. मोजणाराही मराठीच असेल तर त्याच्या कानाला त्यात काही खटकत नाही, म्हणून 'मीन्स' मोजा असं सभेआधी सांगून ठेवावं. असे शब्द का येतात तेही कळलं पाहिजे. मराठीत क्रियापद शेवटी असतं, त्यामुळे 'मी तो काल आलेला मेल क्लायंटला' एवढं बोलून होईस्तोवर 'पाठवला' की 'पाठवतोय' हे ठरवलं नाही तरी चालतं. इंग्रजीत 'आय' म्हटल्याबरोबर क्रियापद लागतं. ते तयार नसलं की तोंड 'आ' करून वेळ काढतं. उपाय असा की क्रियापद मनात ठरेपर्यंत तोंडच उघडायचं नाही. दोन सेकंदांची शांतता बोलणाऱ्याला युगासारखी वाटते, ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

ग्रॅमेरियन, म्हणजे वक्त्यांच्या भाषेवर लक्ष ठेवणारा सभासद, ही भूमिका बऱ्याच ठिकाणी वाया जाते. 'वर्ड ऑफ द डे' म्हणून एखादा भारदस्त शब्द फळ्यावर लागतो, प्रत्येक जण तो ओढूनताणून वापरतो आणि टाळ्या मिळवतो. त्यापेक्षा 'डिस्कस अबाउट' (यातला 'अबाउट' नको) आणि 'सिन्स टू इयर्स' (इथे 'फॉर' हवं) एवढं टिपायला सांगितलं तरी पुष्कळ. नकारार्थी प्रश्नाचं उत्तर तर खरंच महागात पडतं. 'डिडन्ट यू गेट द फाइल?' फाइल मिळालेली नसेल तरी आपल्या तोंडून 'येस' निघतं, कारण मनात 'हो, नाही मिळाली' असतं. पलीकडचा माणूस फाइल पोचली असं धरून पुढे जातो. तिथे 'नो, आय डिडन्ट' हवं.

खरी उणीव मूल्यमापनात आहे. मूल्यमापकाला २ ते ३ मिनिटं असतात आणि रीत कौतुक-सूचना-कौतुक अशी. नवख्याचा धीर वाढतो, पण उच्चाराबद्दल सहसा कुणी बोलत नाही. 'डेव्हलप'मधला जोर पहिल्या अक्षरावर पडला, 'व्हेंडर' आणि 'वेअरहाउस' दोन्हींचा आरंभ एकाच 'व'ने झाला, तरी फॉर्मवर लिहून येतं 'गुड व्हॉइस'. 'व्हेंडर'ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. 'वेअरहाउस'ला ओठ नुसते गोल, दात लांब. मूल्यमापकाला आधीच चिठ्ठी द्यावी: जोर चुकलेले ३ शब्द लिहा, बाकी काही नको. नेमकं मागितलं की नेमकं मिळतं. टोस्टमास्टर्सच्या पाथवेज या अभ्यासक्रमातला 'इव्हॅल्युएशन अँड फीडबॅक' हा प्रकल्प याच कामाचा आहे: भाषण करायचं, सूचना घ्यायच्या, त्या वापरून दुसरं भाषण करायचं आणि मग स्वतः कुणाचं तरी मूल्यमापन करायचं.

आणखी एक गोष्ट इथे शिकायला मिळत नाही, ती म्हणजे मध्येच बोलणं. क्लबात वक्त्याला कुणी तोडत नाही. कॉलवर सगळेच तोडतात. 'कॅन आय जम्प इन हिअर?' किंवा 'लेट मी चेक अँड गेट बॅक टू यू बाय थ्री' ही वाक्यं जिभेवर बसायला वेगळा सराव लागतो. टेबल टॉपिक्स मास्टर (विषय देणारा सभासद) उत्साही असेल तर एखाद्या सभेत नकली क्लायंट कॉल लावता येतो, त्यात दोघांनी मुद्दाम मध्ये बोलायचं. आणि मंचावरचा आवाज, पसरलेले हात, नाट्यमय विराम हे सगळं सभागृहातच ठेवून यावं. ऑफिसातल्या सकाळच्या स्टँडअप मीटिंगला ते फार विचित्र दिसतं.

क्लब निवडताना हिशेब करावा. ४० सभासद, महिन्यात २ सभा आणि सभेला ३ तयार भाषणं असतील तर तुमची पाळी साधारण पावणेसात महिन्यांनी येते. २० सभासद असतील तर साधारण सव्वातीन महिन्यांनी. लहान क्लब बरा. पाहुणा म्हणून सहसा फुकट बसता येतं, तेव्हा २-३ ठिकाणी बसून बघावं आणि सभा संपल्यावर चहाला लोक कुठल्या भाषेत बोलतात तेही ऐकावं. इंग्रजीखेरीज इतर भाषांतले क्लबही असतात, म्हणून आधी चौकशी करावी. कॉलवर अडखळणाऱ्याला ऑनलाइन सभा जास्त उपयोगी. तिथे वेळ मोजणारा कार्डाऐवजी स्वतःच्या खिडकीची पार्श्वभूमी हिरवी-पिवळी-लाल करतो आणि नजर कॅमेऱ्यावर ठेवून बोलायची सवय होते.

फी डॉलरमध्ये आहे: दर सहा महिन्यांना ६०, आणि नव्या सभासदाला एकदाच २०. काही क्लब वर स्वतःची वर्गणी घेतात, ती आधी विचारावी. नूतनीकरण १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला असतं. मध्येच शिरणाऱ्याला उरलेल्या महिन्यांपुरतेच पैसे पडतात. म्हणजे सप्टेंबरात नाव घातलं तर पुढच्याच महिन्यात ६० डॉलर पुन्हा भरायची तयारी ठेवून घालावं.