बीजभाषणाचे मानधन आणि तोतया व्यवस्थापक

आमच्या नाशिकच्या महाविद्यालयातील तंत्रज्ञान परिषदेत बीजभाषणासाठी बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेतील नामवंत अभ्यासक बाईंना बोलवावे, असे संयोजन समितीने ठरवले होते. विषय सायबर सुरक्षेचा होता, त्यामुळे पुढे जे घडले त्यावर विद्यार्थ्यांनी भरपूर विनोद केले आणि ते आम्हांला निमूटपणे ऐकावे लागले. हा अनुभव लिहितो आहे तो अशा परिषदा भरवणाऱ्या इतर महाविद्यालयांसाठी आणि संस्थांसाठी.

वक्त्यांची नावे ठरत असल्याचे आम्ही लिंक्डइनवर जाहीर केल्यावर त्या बाईंचे ‘व्यवस्थापक’ म्हणवणाऱ्या एका गृहस्थांचा निरोप आला. बोलणे अत्यंत अदबीचे, प्रत्येक वाक्यात ‘सर’, आणि बाईंच्या जुन्या भाषणांची माहिती आमच्यापेक्षा अधिक. मानधन दीड लाख, त्यातील निम्मे आगाऊ. ‘मॅडमची तारीख दुसरी एक संस्था मागते आहे, आज संध्याकाळपर्यंत पैसे आले तर तुमची तारीख पक्की करतो,’ असे त्यांनी सांगितले आणि कोषाध्यक्षांनी बिल पाहून पंच्याहत्तर हजार रुपये एनईएफटीने पाठवले.

ते बिल नंतर आम्ही टेबलावर ठेवून अक्षर न् अक्षर वाचले. पत्ता बंगळुरूचा होता, पण जीएसटी क्रमांकाची सुरुवात 07 ने, म्हणजे दिल्लीच्या संकेतांकाने होत होती. कर्नाटकाचा संकेतांक 29 आहे. पहिल्या दोन अंकांनंतरची दहा अक्षरे म्हणजे पॅन क्रमांक, आणि त्यातील चौथे अक्षर खातेदाराचा प्रकार सांगते. बिलावर नाव प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे होते, तरी ते अक्षर कंपनीसाठी असते तसे ‘सी’ नसून व्यक्तीसाठी असणारे ‘पी’ होते. हा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य तपासता येतो. ईमेलच्या पत्त्यात संस्थेच्या नावातील ‘एम’च्या जागी इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी टंकलेले होते, जे पडद्यावर हुबेहूब ‘एम’सारखेच दिसते.

यापेक्षाही बोलकी खूण टीडीएसची, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरल्या जाणाऱ्या प्राप्तिकराची होती. व्यावसायिक शुल्कावर दहा टक्के कपात करू, असे कळवताच गृहस्थ म्हणाले, ‘मॅडमना पूर्ण रक्कमच लागते, कराचे आम्ही पाहतो.’ नियमित भाषणे देणारी व्यक्ती टीडीएसला सहसा हरकत घेत नाही, कारण ती रक्कम तिच्याच नावावर जमा होते आणि विवरणपत्रात वळती करून घेता येते.

दुसऱ्या दिवशी प्रवासखर्चाचे आणखी चाळीस हजार मागितले गेले, तेव्हा एका सहकाऱ्याने संशोधन संस्थेच्या कार्यालयात थेट दूरध्वनी केला. बाईंना आमच्या परिषदेचा पत्ताच नव्हता, आणि त्यांनी कोणताही व्यवस्थापक कधी नेमलेला नव्हता.

आम्ही लगेच 1930 या मदतवाहिनीवर तक्रार नोंदवली आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर व्यवहार क्रमांकासह तपशील भरला. या व्यवस्थेतून बँकांना तातडीने सूचना जाते, त्यामुळे पुढच्या खात्यात उरलेले काही हजार रुपये गोठवले गेले. बाकीची रक्कम तोवर काढून घेण्यात आली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ड खाली, म्हणजे संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवल्याबद्दल, गुन्हा नोंद झाला असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे.

एनईएफटीत रक्कम खाते क्रमांकावरून जमा होते, आपण लिहिलेल्या नावावरून नव्हे. मात्र पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय एप्रिल 2025 पर्यंत सुरू करावी, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते. आमच्या बँकेत ती सोय आहे. आता कोषाध्यक्ष ते नाव पडद्यावर पाहून बिलावरील नावाशी ताडतात आणि वक्त्याच्या संस्थेच्या अधिकृत क्रमांकावर स्वतः बोलल्याखेरीज आगाऊ रकमेच्या धनादेशावरही सही करत नाहीत.