सर्क्युलर इम्पोर्टला कंटाळला असाल तर इम्पोर्ट लिंटर लावाच

पायथनचा प्रोजेक्ट वाढला की दोन मॉड्यूल (कोडच्या फाइली) थेट किंवा फिरून एकमेकांना इम्पोर्ट करू लागतात, हेच सर्क्युलर इम्पोर्ट, आणि मग 'पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल' वाला एरर कधी ना कधी येतोच. ३.८ पासून मेसेजमध्ये निदान सर्क्युलर इम्पोर्टचा संशय तरी लिहिलेला असतो, पण तो येतो कधी, तर कोड रन केल्यावर, आणि कोणतं मॉड्यूल आधी लोड झालं त्यावर सगळं अवलंबून, त्यामुळे टेस्टमध्ये चालतं आणि सर्व्हरवर फुटतं.

इम्पोर्ट लिंटर हे इम्पोर्ट तपासणारं टूल कोड रन करतच नाही, फाइली वाचून कोण कोणाला इम्पोर्ट करतं याचा ग्राफ काढतं. कॉन्फिगमध्ये लेयर्स लिहायचे, वर व्ह्यूज, मधे सर्व्हिसेस, खाली मॉडेल्स, खालच्याने वरच्याला इम्पोर्ट करायचं नाही, हा नियम म्हणजेच काँट्रॅक्ट, बस. मग लिंट-इम्पोर्ट्स कमांड मारली की काँट्रॅक्ट केप्ट (पाळलेलं) की ब्रोकन (मोडलेलं) ते कळतं, आणि ब्रोकन असेल तर उदाहरणार्थ मॉडेल्समधून नोटिफायर नावाचं मॉड्यूल, तिथून सर्व्हिसेस अशी अख्खी साखळी लाइन नंबरसकट समोर. मधला तो नोटिफायर नुसत्या डोळ्यांनी सापडत नाही हो!

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे फंक्शनच्या आत लपवलेला इम्पोर्टपण हे पकडतं. बरेच जण एरर घालवायला इम्पोर्ट फंक्शनमध्ये ढकलतात, एरर जातो पण गुंता तसाच राहतो. खरा उपाय बहुतेक वेळा एकच, दोघांना लागणारा क्लास किंवा कॉन्स्टंट उचलून तिसऱ्या मॉड्यूलमध्ये ठेवायचा. फक्त टाइप हिंटसाठी (व्हेरिएबल कोणत्या प्रकारचं ते लिहायला) इम्पोर्ट लागत असेल तर तो टाइप चेकिंगच्या इफमध्ये टाका, तो भाग रन करताना चालत नाही, असे इम्पोर्ट मोजू नको असंही टूलला सांगता येतं.

आता कमी काय ते. इम्पोर्टलिब या पायथनच्याच लायब्ररीने रनटाइमला, म्हणजे कोड चालू असताना, नाव देऊन केलेले इम्पोर्ट याला दिसत नाहीत. आणि लेयर्सचं काँट्रॅक्ट एकाच लेयरच्या आतलं सर्कल धरत नाही, त्यासाठी मी पायलिंट या दुसऱ्या कोड तपासणाऱ्या टूलचा सायक्लिक इम्पोर्ट चेकपण चालू ठेवते.

जुन्या प्रोजेक्टला लावलंत तर पहिल्यांदा लाल रंगच दिसेल, घाबरू नका. आहेत ते इम्पोर्ट इग्नोर यादीत टाका, सीआयमध्ये (कोड पुश केला की आपोआप चालणाऱ्या तपासण्यांमध्ये) लावा, नवीन घाण आत येणार नाही, जुनं सवडीने काढा. एखादा इम्पोर्ट कोडमधून काढला आणि यादीत ओळ तशीच राहिली तर डीफॉल्टला टूल त्यावरही एरर देतं, त्यामुळे यादी खोटी पडत नाही, हे मला फार म्हणजे फार पटलं.