मातीच्या मडक्यांचा कंपोस्टर : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला आमचे पाच माणसांचे घर आहे आणि एकावर एक ठेवायच्या तीन मडक्यांचा कंपोस्टर, म्हणजे ओल्या कचऱ्याचे खत करणारा संच, गेल्या फेब्रुवारीपासून आमच्याकडे वापरात आहे. आता दिवाळीही होऊन गेली, म्हणजे कडक ऊन आणि सलग पाऊस या दोन्ही परीक्षा त्याने दिल्या आहेत. जाहिरातींत सगळा भर घरच्या घरी मिळणाऱ्या खतावर असतो. माझ्या मते खत हा दुय्यम लाभ आहे. ओला कचरा घरातच जिरू लागला की सुका कचरा खरकट्याने माखत नाही, आणि न माखलेला सुका कचराच पुढे कोणीतरी विकत घेतो. या वस्तूची खरी किंमत तेथे वसूल होते.

रचना साधी आहे. वरच्या दोन मडक्यांना बुडाच्या जागी काथ्याची जाळी असते, सर्वांत खालच्या मडक्याला पूर्ण बूड असते आणि तिन्हींच्या अंगाला हवेसाठी भोके असतात. रोजचा कचरा वरच्या मडक्यात टाकायचा, ते भरले की त्याची आणि मधल्याची अदलाबदल करायची, आणि मधल्यात बसलेला माल खालच्या मडक्यात मुरू द्यायचा. किंमत दोन-तीन हजारांच्या घरात जाते. आमच्या संचातील एक मडके तडा गेलेले आले; छायाचित्रे पाठवल्यावर विक्रेत्याने ते बदलून दिले, मात्र त्यासाठी बराच पाठपुरावा करावा लागला. भरलेले मडके एकट्याने उचलणे अवघड आहे, हे घरात वयस्कर माणसेच असतील तर आधी लक्षात घ्यावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. कंपोस्टर बिघडतो तो बहुधा ओल्या कचऱ्यामुळे नव्हे, तर कोरड्या मालाच्या टंचाईमुळे. कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) साधारण 25 ते 30 भागांस 1 भाग या प्रमाणात लागतात. भाजीची देठे, फळांच्या साली आणि चहाचा चोथा यांत नत्र जास्त आणि पाणी त्याहून जास्त असते. त्यांच्या जोडीला कर्बयुक्त कोरडा माल पडला नाही, तर मडक्यात चिखल होतो, हवा खेळत नाही आणि मग तो कुबट वास सुरू होतो ज्याला घाबरून लोक आठवडाभरात हा नाद सोडून देतात. विक्रेते यासाठी नारळाच्या भुश्याची तयार पाकिटे देतात आणि दर महिन्याला ती मागवावीत अशी त्यांची अपेक्षा असते. आपल्या जिल्ह्यात त्यांची गरज नाही, असे मी जबाबदारीने सांगते. उसाच्या पट्ट्यात राहून कर्ब विकत घेणे म्हणजे कृष्णेकाठी बसून बाटलीबंद पाणी पिण्यासारखे आहे. पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, ओळखीच्या कोणत्याही शेतकऱ्याकडे मिळते. ते जाळून टाकण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही, तेव्हा पोतेभर मागितले तर कोणी नाही म्हणत नाही. रसवंतीवरची चिपाडेही चालतात, मात्र त्यांत उरलेल्या साखरेमुळे मुंग्यांची रांग लागते, म्हणून ती चांगली वाळवून आणि बारीक तोडूनच घालावीत. लाकडाच्या वखारीतला भुसा कर्बाने फार समृद्ध असतो, पण तो बारीक असल्याने दाबून बसतो आणि हवा अडवतो; पाचटात थोडा मिसळून तो उत्तम काम देतो. आम्ही कचऱ्याच्या प्रत्येक थरावर अंदाजे तेवढ्याच आकारमानाचा कोरडा थर देतो आणि अधूनमधून काठीने ढवळतो.

विरजण म्हणूनही विकतच्या पावडरीची आवश्यकता भासली नाही. सुरुवातीला आंबट ताक आणि गुळाचे पाणी शिंपडले, आणि पहिला घाणा तयार झाल्यावर त्यातलेच ओंजळभर जुने खत नव्या मडक्यात टाकत गेलो. ओल योग्य आहे की नाही हे मूठ दाबून कळते. बोटांवर ओलावा जाणवावा, पण थेंब गळू नये.

ऋतूंनी मात्र चांगलीच दमछाक केली. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास गेला, तेव्हा मातीच्या अंगातून पाणी इतके झपाट्याने उडून जाऊ लागले की आतला माल कोरडा होऊन कुजण्याची क्रियाच थांबली. मडक्यांना पाणी मारून आणि संच पोर्चच्या सावलीत हलवून तो प्रश्न मिटला. जुलैमध्ये नेमकी उलट स्थिती झाली आणि मधल्या मडक्यात अळ्या दिसू लागल्या. सासूबाईंनी तर सगळे उचलून बाहेर ठेवण्याचा हुकूमच काढला होता. या अळ्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, ती माशी घरमाशीसारखी अन्नावर घोंगावत नाही आणि कचरा खाऊन संपवण्याचा त्यांचा वेग थक्क करणारा असतो. चिलटांचा त्रास मात्र खरा होता. कचरा उघडा न ठेवता कोरड्या थराखाली झाकणे आणि कडुलिंबाच्या पेंडीची चिमूट टाकणे, एवढ्याने तो आटोक्यात आला.

ज्यांचे घर गावभागात किंवा नदीलगतच्या सखल वस्तीत आहे, त्यांच्यासाठी एक सूचना. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती, तर तेथील धोक्याची पातळी 45 फूट आहे. अशा भागात संच अंगणात ठेवण्यापेक्षा गच्चीवर पत्र्याखाली ठेवणे शहाणपणाचे आहे. पावसाची झड थेट आत जाणार नाही एवढे पाहावे.

सगळेच काही मडक्यात जिरत नाही. नारळाची करवंटी, आंब्याच्या कोयी आणि मक्याची बुरकुंडे महिनोन्‌महिने जशीच्या तशी राहतात. तेलकट रस्सा, दुधाचे पदार्थ आणि रविवारच्या मटणाची हाडे आम्ही घालत नाही, कारण त्यांनी वास आणि उंदीर दोन्ही येतात. शिळी भाकरी शेजारच्या गोठ्यात जाते, आणि ती तेथेच जावी हे बरे. आणखी एक मर्यादा जाहिरातीत कोणी सांगत नाही. मोठ्या ढिगात तापमान 55 अंशांच्या वर जाते आणि तणांचे बी मरते. एवढ्याशा मडक्यात ती उष्णता टिकत नाही. परिणामी आमच्या तुळशीच्या कुंडीत टोमॅटो आणि भोपळ्याची रोपे न पेरता उगवतात. म्हणून रोग पडलेल्या झाडांची पाने मडक्यात टाकू नयेत.

मिरजेला माझ्या नणंदेकडे तोटी असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा आहे, ज्यात कोंड्यावर वाढवलेले जिवाणू घालून कचरा आंबवतात. तो स्वयंपाकघरात मावतो आणि चिलटे अजिबात होत नाहीत, ही त्याची जमेची बाजू. परंतु त्यातून बाहेर पडतो तो आंबवलेला कचरा. तो पुढे मातीत पुरावा लागतो. अंगण नसलेल्या फ्लॅटमध्ये ती माती आणायची कोठून?

आता सुक्या कचऱ्याविषयी. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच वेगळे करणे अपेक्षित होते. दुधाच्या पिशव्या विसळून दोरीवर वाळवल्या की रद्दीवाले त्या आनंदाने नेतात, कारण ते स्वच्छ पॉलिथिन असते. पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नये. तो पिशवीला लटकत राहिला तर तिच्याबरोबरच पुनर्वापराला जातो, सुटा झाला तर थेट गटारात. पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या आणि डबेही विकले जातात. घेतली जात नाहीत ती भडंगाची आणि वेफर्सची चकचकीत पाकिटे, ज्यांत प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात आणि ते वेगळे करणे कोणालाच परवडत नाही. थर्माकोलचेही तेच. या बाबतीत आमचा एकमेव उपाय म्हणजे भडंग सुटे, डबा नेऊन आणणे. जुन्या बॅटऱ्या आणि पारा असलेले सीएफएल दिवे एका खोक्यात साठवतो, आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करून देतो.

गाडीवर येणाऱ्या ताईंनी एकदा विचारले, "काकू, तुमच्या घरी स्वयंपाक होतो की नाही?" आमची ओल्या कचऱ्याची बादली आता बहुतेक दिवशी रिकामीच असते. शहरांतील घरगुती कचऱ्यात निम्म्याच्या आसपास वजन ओल्याचेच असते, आणि कचरा डेपोत दबून हवेविना सडताना त्यातून मिथेन वायू निघतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट तापमानवाढ घडवतो. आपल्याच जिल्ह्यातील विटा 2021 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालील लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिले आले, आणि त्याच्या आदल्या वर्षी तो मान कराडला मिळाला. अशा बातम्या वाचून आपण नगरपालिकेचे कौतुक करतो आणि थांबतो. वर्गीकरण तर ओट्याशेजारीच व्हावे लागते.

चार-पाच माणसांच्या कुटुंबाला एक संच जेमतेम पुरतो. आंब्याच्या आणि द्राक्षाच्या हंगामात तो अपुराच पडतो, तेव्हा आम्ही भोके पाडलेली रंगाची जुनी बादली जोडीला वापरतो. घरात दोघेच असतील तर एवढा खर्च करूच नये. अशा दोन बादल्या पुरेशा आहेत. कुंभाराकडून मडकी घडवून घ्यायची असल्यास भोके भाजण्यापूर्वीच पाडायला सांगावीत, कारण भाजल्यानंतर ती पाडताना मडके फुटते. विक्रेत्यांकडून मला एकच सुधारणा हवी आहे. बुडाची काथ्याची जाळी पावसाळ्याअखेरीस स्वतःच कुजून खत झाली आणि सुटी जाळी कोठेही विकत मिळत नाही. शेवटी प्लास्टिक कमी करण्याच्या या खटाटोपात आम्ही तेथे बाजेची नायलॉनची दोरी विणली, आणि ती अद्याप शाबूत आहे.