सही होती, शिक्का होता, परवानगी नव्हती

ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीत आमची चार गुंठे जागा आहे. वडिलांचं कौलारू घर पाडून तिथे दुमजली बांधायचं ठरलं. सातबारा आम्हा दोघा भावांच्या नावावर, मोजणीची 'क' प्रत हातात. आता फक्त प्लॅन पास करून घ्यायचा, एवढंच राहिलंय असं वाटत होतं.

नात्यातल्या ओळखीने एक गृहस्थ घरी आले. लेटरहेडवर 'आर्किटेक्ट', खाली सीएने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. आईला म्हणाले, "मावशी, दादांना महापालिकेत खेटे घालायला लावू नका. शहर विकासमध्ये आपली माणसं आहेत." आईला हायसं वाटलं. मलाही. खरं तर तिथेच चहा संपवून त्यांना वाटेला लावायला हवं होतं.

तीन हप्त्यांत 4 लाख 60 हजार रुपये गेले. त्यातला मोठा हिस्सा 'विकास शुल्काचं चलन भरायचंय' म्हणून रोख. पावती मागितली की "फाइलला लावलीय". कोऱ्या फॉर्मवर आमच्या सह्या घेतल्या. दीड महिन्यात बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी, हातात आलं. आम्ही नारळ फोडला.

जोतं भरून झालं, त्याच आठवड्यात प्रभाग समितीची माणसं आली. सीसी दाखवली. ती घेऊन दुसऱ्या दिवशी मी पाचपाखाडीला मुख्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी कागदावरच्या जावक क्रमांकावर बोट ठेवलं, रजिस्टर उघडलं आणि ते माझ्याकडे फिरवलं. त्या क्रमांकाला भलत्याच कामाचं पत्र गेलं होतं. आमच्या नावाचा प्रस्ताव दाखलच नव्हता. पाठोपाठ एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम 54 खाली काम थांबवण्याची नोटीस आली.

त्या रात्री मी तो सीए क्रमांक काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या संकेतस्थळावर शोधला. नाव दुसऱ्याच कुणाचं निघालं. पाच मिनिटांचं काम होतं, आणि ते मी पैसे गेल्यावर केलं, याचं वाईट वाटतं. 1972 च्या आर्किटेक्ट्स कायद्याप्रमाणे काउन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय कुणाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. नुसते नकाशे सुंदर काढता येणं म्हणजे आर्किटेक्ट असणं नव्हे.

आणखी एक खूण माझ्या डोळ्यांसमोर होती. सीसीनंतर जोत्यापर्यंत काम झालं की जोते तपासणी होते, ती झाल्यावरच वर चढायचं, आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. ह्या माणसाने जोते तपासणीचं नावही काढलं नव्हतं, थेट स्लॅबची तारीख ठरवली होती. बांधकाम करणारे शेजारी, नातेवाईक असतील तर त्यांना एवढं तरी जरूर सांगा: चलन आपल्या हाताने भरा, पावती आपल्या नावाची घ्या, आणि पहिली कुदळ मारण्याआधी सीसीचा जावक क्रमांक स्वतः जाऊन ताडून पाहा. चांगल्या आर्किटेक्टला ह्याचा राग येत नाही. आमच्या आताच्या आर्किटेक्ट बाईंनी पहिल्याच भेटीत स्वतःचं नोंदणी प्रमाणपत्र पुढे ठेवलं.

पोलिसांत तक्रार दिली आहे. नवा प्रस्ताव दाखल झालाय. आई भाड्याच्या खोलीत राहते, आणि जोत्यावर उघड्या पडलेल्या कॉलमच्या सळया गंजू नयेत म्हणून भाऊ दर रविवारी जाऊन त्यांना सिमेंटचं पाणी लावून येतो.