रिपजॉज व्ही ३२ जीबी: एकाच पाकिटातल्या दोन स्टिक

रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि ८ जीबीची एकच डीडीआर४ स्टिक (रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी), एवढ्यावर माझा गेमिंगचा संगणक काही वर्षे चालला. पुढे गेम मोठे होत गेले, ८ जीबी अपुरी पडू लागली आणि मी जी.स्किलचा रिपजॉज व्ही मालिकेतला १६ जीबीच्या दोन स्टिकचा, ३२०० वेगाचा संच घेतला. हा संच मला मनापासून आवडला आहे. मात्र त्याच्याविषयी लिहिण्याआधी, त्यापूर्वी झालेली चूक सांगणे आवश्यक आहे, कारण मेमरी वाढवणाऱ्या अनेकांच्या हातून तीच चूक होते.

पहिल्या खेपेस मी जुन्या स्टिकची जोडीदारीण शोधली. कंपनी तीच, मालिका तीच, रंग तोच आणि खोक्यावर ३२०० हा आकडाही तोच, त्यामुळे शंका घेण्याचे कारणच दिसले नाही. दोन्ही स्टिक बसवल्या, संगणक सुरू झाला, १६ जीबी दिसली. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे मेमरी खोक्यावरच्या वेगाने चालवणारी सोय, चालू केले आणि त्याच रात्री खेळ रंगात आला असताना विंडोज कोलमडल्याचा निळा पडदा आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. पेनड्राइव्हवरून मेमरी तपासणारे मेमटेस्ट८६ चालवले, तेव्हा लाल अक्षरांत चुकांची रांग लागली. नवी स्टिक सदोष असावी असे वाटून तिला एकटीला तपासले, तर ती निर्दोष निघाली. जुनीही निर्दोष निघाली. दोष त्यांच्या जोडीत होता.

याचा उलगडा सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममधल्या एसपीडीच्या पानावर झाला. स्टिकमध्येच नोंदलेली तिची माहिती तिथे दिसते. जुन्या स्टिकचे टायमिंग, म्हणजे प्रतिसादाला लागणाऱ्या चक्रांचे आकडे (कमी तितके घट्ट), १६-१८-१८ होते आणि नवीचे १६-२०-२०. आतल्या चिपसुद्धा वेगळ्या कारखान्यांच्या होत्या. मेमरीच्या कंपन्या एकाच नावाखाली, काळानुसार मिळतील त्या चिप वापरतात. खोके बदलत नाही, आतला माल बदलतो. मदरबोर्डने जुन्या स्टिकचे घट्ट टायमिंग दोघींना लावले आणि ते नवीला झेपले नाही. वेग २६६६वर उतरवल्यावर तीच जोडी बिनतक्रार चालली, पण मग ३२००साठी मोजलेले पैसे वाया गेले.

यानंतर मी मेट्रोने नागपूरच्या सीताबर्डीला गेलो आणि तिथल्या एका लहान दुकानात सगळा प्रकार सांगितला. काउंटरवरच्या गृहस्थांनी माझ्या दोन्ही स्टिक शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, “भाऊ, डब्बा नका पाहू, स्टिकर पाहा.” त्यांनी दाखवलेल्या नव्या संचाच्या स्टिकरवर एफ४-३२००सी१६डी-३२जीव्हीके असा क्रमांक होता आणि तो त्यांनी मला बोट ठेवून वाचायला शिकवला. एफ४ म्हणजे डीडीआर४, ३२०० हा वेग, सी१६ ही लेटन्सी (टायमिंगमधला पहिला आकडा), डी म्हणजे दोन स्टिकचा संच आणि ३२जी ही एकूण क्षमता. हा डी महत्त्वाचा आहे. त्याचा अर्थ असा की या दोन स्टिक कारखान्यातच एकमेकींसोबत तपासून एका पाकिटात घातलेल्या आहेत. हेच मॉडेल दोन वेगवेगळ्या वेळी सुटे घेतले, तर ही हमी उरत नाही.

मी ३६००च्या संचाचीही चौकशी केली. तो सी१८ होता. त्यांनी कॅल्क्युलेटरवर हिशेब करून दाखवला: ३२००ला १६ आणि ३६००ला १८, दोन्हींत पहिला प्रतिसाद १० नॅनोसेकंदांचाच येतो. ३६००मध्ये डेटा वाहून नेण्याची क्षमता अधिक असते हे खरे, पण माझ्या जुन्या मदरबोर्डावर ३२०० अधिक निर्धास्त चालेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. महागडी वस्तू गळ्यात मारण्याची संधी त्यांनी सोडली, याचे मला फार कौतुक वाटले. ८ जीबीच्या चार स्टिक घेण्याचा माझा बेतही त्यांनी मोडला आणि तो योग्यच मोडला, कारण या पिढीच्या रायझनसाठी एएमडीचा अधिकृत वेग दोन स्टिकला ३२०० आहे, तर चार स्टिकला, त्या सिंगल रँक (चिपचा एकच गट असलेल्या) असल्या तरी, २९३३च आहे.

घरी आल्यावर दोन्ही स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या. चार खाचांच्या अशा बोर्डावर पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या खाचेत बसवल्या की ड्युअल चॅनेल, म्हणजे डेटाच्या दोन वाटा एकाच वेळी, मिळत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ३२००च्या एका चॅनेलमधून सेकंदाला २५.६ जीबी डेटा जाऊ शकतो, दोन चॅनेलमधून ५१.२ जीबी. एक्सएमपी चालू केल्याबरोबर १.३५ व्होल्टवर १६-१८-१८-३८ हे टायमिंग लागले आणि टास्क मॅनेजरमध्ये ३२०० दिसले. खेळातल्या सरासरी फ्रेम थोड्याच वाढल्या. मात्र गर्दीच्या दृश्यात चित्र क्षणभर अडकून पुढे उडी मारायचे, ते पूर्ण थांबले. माझ्या दृष्टीने खरा लाभ हाच आहे.

मेमरीची परीक्षा थंडीत घेऊन समाधान मानू नये, हे नागपूरकरांना मुद्दाम सांगतो. उष्णता वाढली की मेमरीच्या पेशींतला विद्युतभार लवकर गळतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे नवे नाही. मी भर मे महिन्यातल्या दुपारी, कूलर बंद ठेवून, मेमटेस्ट८६च्या चारही फेऱ्या पूर्ण होऊ दिल्या. ३२ जीबीला त्यासाठी बरेच तास लागले, पण एकही चूक आली नाही.

उणीव म्हणावी तर उंचीची. या स्टिक ४२ मिलिमीटर उंच आहेत. माझ्या प्रोसेसरसोबत आलेल्या लहान पंख्याला त्यांची अडचण झाली नाही, परंतु मोठा टॉवर कूलर असेल तर खोके उघडण्याआधी जागा मोजून घ्यावी. दुकानाविषयी तक्रार इतकीच की पाकीट फोडल्यावर ते परत घेत नाहीत आणि हे बिलावर बारीक अक्षरांत छापलेले आहे. ते बिल करण्यापूर्वी तोंडी सांगितले जावे.

२०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव फार चढले आहेत, त्यामुळे जुन्या स्टिकला एक नवी जोडून भागवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तसे करायचेच असेल, तर जुन्या स्टिकचा पूर्ण क्रमांक, टायमिंग आणि रँक सीपीयू-झेडमधून उतरवून न्यावे, आणि सदोष नसलेली पण न जुळलेली स्टिकही परत घेऊ, असे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे. माझ्या त्या दोन न जुळलेल्या स्टिक आज दोन वेगळ्या संगणकांत आहेत, एक भाचीच्या आणि एक माझ्या कार्यालयातल्या, आणि दोन्ही एकेकट्या उत्तम चालतात.