हातघडणीच्या तोड्यांतली लाख

आईच्या पंचाहत्तरीनिमित्त २०२३ च्या दिवाळीआधी मी तिच्यासाठी चांदीचे तोडे घेतले. लग्नात मिळालेले तिचे भरीव तोडे १९७२ च्या दुष्काळात मोडीत गेले होते आणि ते पुन्हा तिच्या पायात दिसावेत, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. ही हळवी हकीकत मी पुण्यातल्या एका प्रदर्शनातील विक्रेत्याला पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकली, ही माझी पहिली चूक.

"ताई, हुपरीचं हातकाम आहे, मशीनचा हात लागलेला नाही," असे सांगून त्याने जोड तराजूवर ठेवला. वजन १८४ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ साडेअठरा भार. चांदीचा दर ग्रॅमला ७४ रुपये आणि वर घडणावळ ४० रुपये, असे एकूण २०,९७६ रुपये मी रोख मोजले. नक्षी कशी कोरतात, एका जोडाला किती दिवस लागतात, हे मी बारकाईने विचारले. टंच, म्हणजे चांदीची शुद्धता किती, हे मात्र विचारले नाही, कारण आतल्या बाजूला ९२५ (हजारात ९२५ भाग चांदी) हा आकडा ठळक उमटवलेला होता. मिळालेल्या कच्च्या पावतीवर 'तोडे, जोड १' एवढेच लिहिलेले होते. त्यात ना चांदीचा उल्लेख होता, ना वजनाचा, ना शुद्धतेचा, हे माझ्या लक्षात आले ते पुष्कळ उशिरा. (हा माणूस चांदीकामासाठी प्रसिद्ध असलेल्या कोल्हापूरजवळच्या हुपरीला कधी गेला असेल, असेही मला आता वाटत नाही, तेव्हा तिथल्या कारागिरांना यात ओढण्याचे कारण नाही.)

आईने तोडे हातात घेऊन एक फरशीवर हलकेच आपटला आणि "वाजत नाही गं हा," एवढेच म्हणाली. चांदीचा नाद खणखणीत असतो, हा तर बद्द वाजला होता. मी मात्र तिला जाड घडणीचे कारण सांगून गप्प केले.

चार महिन्यांत तोडे काळवंडले. खरी चांदी काळी पडतेच, असे विक्रेत्याने आधीच सांगून ठेवले होते आणि ते खोटेही नाही, कारण हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर काळा थर चढतो. परंतु तांब्याची भेसळ असलेली हलकी चांदीसुद्धा काळवंडते, त्यामुळे काळेपणा हा खरेपणाचा पुरावा ठरत नाही. ॲल्युमिनियमच्या कागदावर दागिना ठेवून त्यावर खाण्याचा सोडा, मीठ आणि उकळते पाणी ओतण्याचा उपाय मी केला. सडक्या अंड्यासारखा वास आला, काळा थर जाऊ लागला, आणि तेवढ्यात पेचाजवळच्या सांध्यातून गुळाच्या पाकासारखा तपकिरी थेंब बाहेर आला. ती लाख होती. दागिना पोकळ होता आणि मी लाख चांदीच्या भावाने घेतली होती.

ओळखीच्या सराफांनी एका तोड्यातली लाख काढून तोलली, ती साडेपंधरा ग्रॅम भरली. म्हणजे जोडाची ३१ ग्रॅम. पोकळ दागिन्यात लाख भरण्याची रीत जुनीच आहे, पण प्रामाणिक दुकानदार ती सांगतो आणि वजनातून वजा करतो. त्यानंतर टंच काढला, तेव्हा एक्स-रे यंत्राने पहिल्यांदा ९० टक्क्यांच्या वर आकडा दाखवला आणि मला क्षणभर हायसे वाटले. सराफांनी मात्र शांतपणे कानस घेऊन एक कड घासली, आत तांबूस छटा दिसली, आणि त्याच जागी पुन्हा तपासल्यावर आकडा ६१ वर आला. हलक्या चांदीचा दागिना ॲसिडमध्ये उजळला की पृष्ठभागावरचे तांबे निघून जाते आणि वर जवळजवळ शुद्ध चांदीची पातळ साय राहते. यंत्र वरचा थरच वाचत असल्यामुळे तेही फसते. १५३ ग्रॅम धातूत चांदी ९३ ग्रॅम निघाली.

नुसता ९२५ चा शिक्का कोणीही मारू शकतो. तो हॉलमार्क नव्हे. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कमध्येही भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह व शुद्धतेचा आकडा यांच्याबरोबर सहा अंकाक्षरी एचयूआयडी क्रमांक येतो आणि तो 'बीआयएस केअर' या ॲपवर दुकानात उभ्या उभ्या पडताळता येतो. चांदीला हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे हॉलमार्क नसलेला प्रत्येक दागिना खोटा ठरत नाही. पण मग टंच, निव्वळ वजन आणि मोडीचा दर पक्क्या बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हे लिहून द्यायला जो कुरकुरतो, त्याच्या हातकामाचे कौतुक दुरूनच करावे.

आईसाठी पुढे मी हॉलमार्कची भरीव जोडवी घेतली. ती मी रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुते, कोरडी करून सुती कापडात गुंडाळते आणि हवाबंद पिशवीत ठेवते. ॲल्युमिनियमचा तो उपाय लाख भरलेल्या, खडे बसवलेल्या किंवा मुद्दाम काळपट ठेवलेल्या नक्षीच्या दागिन्यांवर कधीही करू नये. नक्षीतला काळा रंग त्यात धुऊन जातो.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार केली, तेव्हा पहिला प्रश्न बिलाचा आला. पावतीवरचा फोन नंबर तेव्हाही बंद होता आणि आजही बंदच आहे.