स्पेसी: इंग्रजीतली प्रिपोझिशन ओळखायला कितपत कामाची?

स्पेसी ही पायथनमधली मोफत, मुक्तस्रोत लायब्ररी. इंग्रजी वाक्य दिले की प्रत्येक शब्दाची जात सांगते. व्याकरणाचे सराव-संच आणि उत्तरसूची तयार करणाऱ्यांनी ती जरूर वापरावी. फक्त तिची लेबले शाळेतल्या आठ जातींशी जुळतील असे गृहीत धरू नये.

पिपने (पायथनच्या लायब्रऱ्या उतरवण्याच्या साधनाने) लायब्ररी घेतल्यावर इंग्रजीचे मॉडेल, म्हणजे शब्दांच्या जाती ओळखायला आधीच शिकवलेला भाग, वेगळे उतरवावे लागते. ते राहिले की मॉडेल सापडत नसल्याची एरर येते. छोटे मॉडेल साधारण 12 एमबीचे आहे आणि एकदा उतरवल्यावर इंटरनेट लागत नाही.

प्रत्येक शब्दाला दोन लेबले मिळतात. 'पॉस'मध्ये 17 ढोबळ जाती, तर 'टॅग'मध्ये पेन ट्रीबँकची (शब्दांच्या जाती नोंदवलेल्या इंग्रजी वाक्यसंग्रहाची) बारीक विभागणी. प्रिपोझिशन हवी म्हणून बरेच जण 'पॉस'मधले एडीपी (प्रिपोझिशनसारख्या शब्दांचे लेबल) तेवढे गाळून घेतात, आणि तिथेच फसतात. 'शी वॉक्ड अप द हिल'मधला 'अप' प्रिपोझिशन आहे. 'शी लुक्ड अप द वर्ड'मधला 'अप' क्रियापदाला चिकटलेला पार्टिकल. म्हणून 'लुक्ड द वर्ड अप' चालते, 'वॉक्ड द हिल अप' चालत नाही. स्पेसी दोन्हींना एडीपीच म्हणते! फरक टॅगमध्ये आहे: पहिल्याला आयएन, दुसऱ्याला आरपी.

मग नुसते आयएन पाहावे, तर त्यात उभयान्वयी अव्ययेही येतात. 'बिफोर लंच' आणि 'बिफोर ही लेफ्ट' दोन्हीकडे आयएन. इथे 'पॉस' कामाला येते, कारण दुसऱ्या 'बिफोर'ला ते एसकॉन्ज (गौण वाक्य जोडणारे उभयान्वयी अव्यय) असे वेगळे लेबल देते. तेव्हा पॉस एडीपी आणि टॅग आयएन, या दोन्ही अटी एकत्र लावाव्यात. 'टू'चे मात्र कौतुक करावे लागेल: 'टू रीड'मध्ये पार्ट (पार्टिकलचे लेबल), 'टू स्कूल'मध्ये एडीपी, हा भेद सहसा नीट होतो.

टॅगची अचूकता 97 टक्क्यांच्या आसपास सांगितली जाते. आकडा घसघशीत वाटतो, पण चुका स्वतंत्र धरल्या तरी 20 शब्दांचे वाक्य पूर्ण बरोबर येण्याची शक्यता जेमतेम 54 टक्के उरते. शिवाय चुका 'द'वर होत नाहीत. 'अप', 'बिफोर', 'लाइक' अशा दुहेरी शब्दांवरच होतात, म्हणजे नेमक्या परीक्षेत विचारल्या जाणाऱ्या. उत्तरसूचीसाठी ट्रान्सफॉर्मरवर (न्यूरल नेटवर्कच्या एका रचनेवर) आधारलेले मोठे मॉडेल घ्यावे आणि असे शब्द हाताने तपासावेत. ते मॉडेल साध्या संगणकावर रेंगाळते, पण पन्नास-शंभर वाक्यांना काही बिघडत नाही.

सुट्या शब्दांची यादी देऊ नये. संदर्भाशिवाय स्पेसी निव्वळ अंदाज बांधते. रिकाम्या जागांची वाक्ये आधी उत्तर भरून, पूर्णविरामासकट द्यावीत. एखाद्या लेबलाचा अर्थ अडला तर 'एक्सप्लेन' या फंक्शनला ते लेबल द्यावे, एका ओळीत खुलासा मिळतो.